उट्रेख्तला थांबलेले दत्तमहाराज

आमच्या घरचे दत्तमहाराज फुटले तो सोमवार होता, आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी माझ्या मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं कोणताही शहाणासुरता माणूस म्हणेल. माझा नवरा समीर तसं म्हणालाही. पण ज्या घरात मूल आजारी असतं, त्या घरात शहाणपण फार दिवस तग धरत नाही. मी स्वतःला काही देवभोळी समजत नव्हते. रोज संध्याकाळी दिवा लावायचा, गुरुवारी काहीतरी गोड करायचं, एवढीच माझी भक्ती. भित्री मात्र मी पहिल्यापासून आहे. त्या भक्तीत निम्म्याहून जास्त भीतीच होती हे मला त्या आठवड्यात कळलं.

ही गोष्ट २००५ सालच्या पानगळीतली. समीरच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो होतो. सई तेव्हा पाच वर्षांची होती. ती लवकर दमायची आणि खेळता खेळता मध्येच उकिडवी बसायची. आम्ही त्याला नाजूकपणा म्हणत होतो. इथे शाळेतल्या तपासणीत डॉक्टरबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, आणि लगेच मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या तपासण्यांमध्ये कळलं की जन्मापासूनच तिच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे आणि फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद आहे. ऑपरेशन उट्रेख्तच्या मुलांच्या हॉस्पिटलात व्हायचं होतं. तारीख मिळाल्याचं कळताच माझ्या सासूबाई तीन महिन्यांचा व्हिसा काढून सांगलीहून आल्या. येताना त्यांनी घरातली वीतभर उंचीची संगमरवरी दत्ताची मूर्ती आणली, तीही सामानात नाही, नऊवारीत गुंडाळून मांडीवर. नातीच्या ऑपरेशनला घरचा देव जवळ हवा, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकांच्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून आम्ही तिथे देवघर मांडलं.

सोमवारी सकाळी आई, म्हणजे सासूबाई, देवांना आंघोळ घालत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलातून असणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या दचकल्या, ओल्या हातातून मूर्ती निसटली आणि सिंकच्या काठावर आपटली. आवाज फारसा झाला नाही. दत्ताच्या तीन मुखांपैकी मधल्या मुखाचं नाक आणि वरच्या ओठाचा थोडा भाग उडाला होता. तो तुकडा आम्ही सिंकच्या जाळीपर्यंत शोधला, पण सापडला नाही. आई खालीच बसल्या आणि म्हणाल्या, “खंडित झाला गं देव.” आणि मग माझ्याकडे न बघता, “गुरुवारचं पुढे ढकला.”

आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. तिची क्षमा मागायची, दहीभाताची शिदोरी द्यायची आणि वाहत्या पाण्यात विसर्जन करायचं, ही रीत. रीत मलाही माहीत होती. पण आईंचा जीव रीतीत अडकला नव्हता. आपल्या हातून देवाचं तोंड फुटलं, आता त्याची भरपाई नातीच्या जिवानं होणार, या विचारानं त्या आतून सोलवटून निघाल्या होत्या. त्यांनी जेवण सोडलं. विसर्जन झाल्याशिवाय मुलीला सुरी लागू द्यायची नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. समीरनं समजावून पाहिलं. “आई, किती महिने थांबून मिळालेली तारीख आहे.” त्यावर त्या म्हणाल्या, “तारीख माणसांनी दिली. हे कुणी दिलं, ते बघ.” मग त्यानं चिडून खालचा कालवा दाखवला आणि म्हटलं, सोड की तिथे. आईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. कालव्यावर हिरवं शेवाळ सतरंजीसारखं पसरलं होतं. “साचलेल्या पाण्यात देव सोडतात का? बदकंसुद्धा पोहत नाहीत त्यात, चालतात.”

मला त्या परिस्थितीतही हसू आलं, आणि मग रडू. समीर बरोबर होता आणि आईही चूक नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मी मनातून आईंच्या बाजूला होते. ऑपरेशनच्या कागदांवर मी सही केली होती तीसुद्धा समीरनं दोनदा सांगितल्यावर. आता तर वाटायला लागलं की हे सगळं आपल्याला थांबवण्यासाठीच घडतंय. शेवटी मी मधला मार्ग काढला. वाखनिंगनला आमच्या ओळखीचं एक मराठी जोडपं होतं, दोघंही तिथल्या कृषी विद्यापीठात संशोधन करणारे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, आमच्या गावाला लागून ऱ्हाइन वाहते, चांगली जहाजं जाण्याइतकी. ठरलं, की मंगळवारी मी जाऊन मूर्ती सोडून यायची, आणि गुरुवारी ऑपरेशन व्हायचं. सईपाशी घरी राहायला समीरनं रजा टाकली. आईंनी स्वतः दहीभात कालवला, स्टीलच्या डब्यात भरला आणि म्हणाल्या, “नदी परक्यांची असली तरी नदीच.” मूर्तीला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती मीच पुसली, मीच गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

गाडीत बसल्यावर डोक्यात विचारांचं काहूर माजलं. ज्याच्या भरवशावर मुलीला टेबलावर निजवायचं, त्यालाच दोन दिवस आधी आपण पाण्यात सोडायला निघालो आहोत. नाक गेलं म्हणून देव गेला का? आणि गेला नसेल, तर हे आपण काय करतोय? उलट, नाही सोडला आणि सईला काही झालं, तर आईंच्या आणि माझ्या डोळ्यांत जन्मभर एकच प्रश्न राहील. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते. शेजारच्या सीटवरच्या माणसाला वाटलं असेल की बाईकडे फार मोलाचं काहीतरी आहे.

उट्रेख्तला गाडी बदलायची होती. उतरले तर फलाटावर ही गर्दी. सकाळपासूनचा वारा आता वादळ झाला होता, रुळांवर झाडं पडली होती आणि पुढच्या, आर्नहेमच्या बाजूच्या, म्हणजे वाखनिंगनकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या रद्द झाल्या होत्या. कधी सुरू होतील ते सांगता येत नाही, असं ध्वनिक्षेपकावर तीच ती बाई शांतपणे सांगत होती. मी अर्धा तास पाट्यांकडे बघत उभी राहिले. मग मला सरळ राग आला, देवाचाच. तुला घरीही राहायचं नाही आणि जायचंही नाही, मग करायचंय काय? असं मी मनात, पण अगदी स्पष्ट शब्दांत त्याला विचारलं आणि स्टेशनाबाहेर पडले.

पाऊस आडवा येत होता. छत्री एकदा उलटी झाली ती पुन्हा सरळ झाली नाही. उंच मनोरा दिसला त्या दिशेनं मी चालत गेले, कारण दुसरं काही दिसत नव्हतं. मनोऱ्यासमोर जुनं, मोठं चर्च होतं आणि त्याचं दार उघडं होतं. आत शिरताना मी दाराशी बूट काढले. ओले होते म्हणून नव्हे. आत देव आहे म्हटल्यावर आपले हात आपोआप पायांकडे जातात. भिजलेल्या मोज्यांनी त्या थंडगार फरशीवर चालताना चूक लक्षात आली, पण परत फिरायचा कंटाळा आला.

आत काही नव्हतं. उंचच उंच खांब, पांढऱ्या भिंती आणि लाकडी खुर्च्या. नवीन घरात देवघर करून ठेवावं आणि देव आणायचे राहून जावेत, तसं ते मला वाटलं. मी कडेकडेनं फिरत एका बाजूच्या दालनात आले आणि तिथे थबकले. भिंतीत दगडात कोरलेलं एक मोठं शिल्प होतं. त्यातल्या वस्त्रांचे लाल, निळे, सोनेरी रंग अजून ताजे होते. चुण्या, बोटं, सगळं नाजूक आणि जिवंत होतं. पण चेहरा एकालाही नव्हता. चेहऱ्यांच्या जागी सपाट दगड होता, कुणीतरी एकेकाला नेम धरून तासल्यासारखा. मी तिथेच उभी राहिले. सगळ्या हॉलंडात फुटक्या तोंडाचा देव घेऊन आपणच एकट्या हिंडतो आहोत, असं मला सकाळपासून वाटत होतं. डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं ते कळलं नाही.

“तुमचे बूट चोरीला गेले का?” मागून कुणीतरी इंग्रजीत विचारलं. सत्तरीच्या आसपासच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. आलेल्यांना चर्च दाखवायला त्या आठवड्यातून एकदा येत. त्यांचं नाव हेनी. मी म्हटलं, बूट दाराशी आहेत, आम्ही देवळात जाताना काढतो. त्यांनी क्षणभर विचार केला, म्हणाल्या, “तिथे पाणी आत येतं, भिजतील,” आणि जाऊन बूट घेऊनही आल्या. ते त्यांनी खुर्चीखाली, गरम हवेच्या जाळीवर नीट जोडीनं ठेवले. माझ्या रडण्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. इथली माणसं तोंडावर फटकळ असतात, पण दुसऱ्याच्या अश्रूंना हात लावत नाहीत.

त्यांनी शिल्पाबद्दल सांगितलं. मधली मोठी बाई म्हणजे येशूची आजी, तिच्याजवळ तिची मुलगी आणि मुलीजवळ बाळ. आजी, आई आणि लेकरू. सोळाव्या शतकात या देशात धर्मावरून दोन तट पडले. एक जुन्या मताचा, मूर्ती, मेणबत्त्या आणि संतांचे अवशेष जपणारा. दुसरा म्हणायचा की देव आणि माणूस यांच्यामध्ये हे सगळं कशाला, ग्रंथ उघडा आणि थेट ऐका. नव्या मताच्या लोकांना आधी जाळलं, बुडवलं गेलं. मग त्यांचा जोर वाढला तेव्हा ते हातोडे घेऊन देवळांत शिरले. त्या वेळी हे चेहरे गेले. पुढे कधीतरी यावर भिंत बांधली गेली. पुष्कळ पिढ्यांनंतर दुरुस्तीच्या वेळी ती काढली तेव्हा हे आतून निघालं, रंगासकट. हेनींच्या बोलण्यात आवेश नव्हता. शेजारच्या घरातलं जुनं भांडण सांगावं तसं त्या सांगत होत्या. मला आपल्याकडचे संत आठवले. दगडात देव असतो का, असं विचारणारेही तेच आणि त्याच दगडापुढे देहभान विसरणारेही तेच. ही दोन्ही माणसं एकाच अंगात नांदू शकतात, हे आपल्याला नवं नाही. इथे मात्र त्यांनी एकमेकांची तोंडं फोडली.

मी विचारलं, तुम्ही हे दुरुस्त का नाही केलं? त्या म्हणाल्या, “कुणाचा चेहरा लावणार? खरा कुणालाच माहीत नाही.” आणि मग काय झालं कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. इंग्रजीत, मध्येच मोडक्या डचमध्ये, सई, ऑपरेशन, सासूबाई, साचलेला कालवा, सगळं. वाटलं होतं, हसतील. त्यांनी फक्त विचारलं, “बघू का?” मी घुटमळले. मग पिशवी उघडली आणि गुंडाळी सोडली. हेनींनी चष्मा लावला, हात मागे बांधले आणि खूप वेळ वाकून पाहिलं, आधी मधलं मुख, मग बाजूची दोन. सरळ होऊन म्हणाल्या, “नाक गेलंय. कान सगळे जागेवर आहेत. ऐकायला नाक लागत नाही.”

असं काहीतरी म्हणायचं धाडस आमच्या घरात कुणी केलं नसतं, आणि केलं असतं तरी मी ऐकून घेतलं नसतं. पण त्यांचा थट्टेचा सूर नव्हता. भाजी ताजी आहे की नाही ते पाहून सांगावं, तसं त्यांनी पाहून सांगितलं होतं. सोमवारपासून छातीवर बसलेलं काहीतरी थोडं सरकलं. मी मूर्ती परत गुंडाळत होते, तेवढ्यात माझा मोबाईल वाजला.

समीर होता. मागे सायरन ऐकू येत होता. “कुठे आहेस तू? वाखनिंगनला पोचलीस?” मी म्हटलं, नाही रे, गाड्या बंद आहेत, उट्रेख्तलाच अडकलेय. तो म्हणाला, “उट्रेख्तलाच? अगं, सई निळी पडली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आहोत, तिकडेच आणताहेत. ती रडतेय, तुला हाका मारतेय. हे लोक म्हणताहेत तिला शांत करा, रडली की आणखी वाढतंय, आणि माझ्याकडून होत नाहीये.” पुढचं मला नीट आठवत नाही. पिशवी छातीशी धरून मी मोज्यांवरच दाराकडे धावले एवढं आठवतं. हेनींना मराठी येत नव्हतं, पण त्या फोनमधलं सगळं त्यांना समजलं. माझे बूट एका हातात आणि गाडीची किल्ली दुसऱ्या हातात घेऊन त्या माझ्या मागे आल्या.

हॉस्पिटल गावाबाहेर आहे. वादळात टॅक्सी मिळायची नाही. गाडी चालवताना हेनी म्हणाल्या, त्या नेहमी सायकलनंच येतात, आज पहिल्यांदा वाऱ्याला भिऊन गाडी काढली आणि सकाळपासून त्याबद्दल स्वतःवर चिडल्या होत्या. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. आम्ही पोचलो आणि थोड्याच वेळात अ‍ॅम्ब्युलन्स आली. सईचे ओठ जांभळे पडले होते. रडण्याचा आवाज निघत नव्हता, नुसती धडपड चालली होती. नर्सनं दाखवलं तसं मी तिला कुशीत घेतलं, तिचे गुडघे तिच्या छातीशी दाबून धरले आणि तिच्या कानाशी काहीबाही पुटपुटत राहिले. हळूहळू तिचा श्वास संथ झाला. डोळे उघडून ती डचमध्ये म्हणाली, तुझे केस ओले आहेत. ओठांवरचा जांभळा रंग उतरत गेला तसा समीर भिंतीला टेकून खाली बसला. नर्सनं नंतर सांगितलं की औषध दिलंच होतं, पण असं झाल्यावर मूल शांत होणं हेच मोठं औषध असतं आणि आई वेळेवर पोचली हे बरं झालं.

वेळेवर. गाड्या सुरळीत असत्या तर त्या वेळी मी ऱ्हाइनच्या काठावर असते आणि परतायला वाट नसती. मी कुणाला पटवून द्यायला हे लिहीत नाही. वादळ हे वादळ असतं, त्यात अनेकांची कामं खोळंबली असतील, कुणाचं नुकसानही झालं असेल. ते माझ्यासाठी आलं असं म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण ज्याला मी फलाटावर उभी राहून विचारलं होतं की तुला करायचंय तरी काय, त्याचं उत्तर मला मिळालं होतं.

डॉक्टरांनी ठरवलं की आता गुरुवारपर्यंत थांबायला नको, उद्या सकाळीच ऑपरेशन करू. मी हो म्हटलं आणि मग लक्षात आलं, मूर्ती पिशवीतच आहे. आईंना ज्याचं भय होतं नेमकं तेच होणार होतं, विसर्जन न करता, खंडित देव उशाशी ठेवून. संध्याकाळी समीरला आणि मला भूक लागल्याची जाणीव झाली. उपाहारगृहात जायचं त्राण नव्हतं. पिशवीत दहीभात होता. देवाच्या प्रवासाची शिदोरी आम्ही दोघांनी प्लॅस्टिकच्या चमच्यांनी खाल्ली. तो प्रवासाला निघालाच नव्हता.

सकाळी सईला आत नेलं. दार बंद झाल्यावर मी खुर्चीत बसून पिशवी मांडीवर घेतली. आजवर मी देवाकडे मागत आले होते, आणि मागताना त्याच्याशी सौदाही करत आले होते, इतके गुरुवार करीन, अमुक सोडीन. त्या दिवशी देण्यासारखं हातात काही उरलं नव्हतं. मूर्ती धड नव्हती, विधी झाला नव्हता, शिदोरीही आम्हीच खाल्ली होती. मी एवढंच म्हटलं, महाराज, तुम्ही जसे आहात तसे आहात, मी जशी आहे तशी आहे, आता मुलगी तुमची. आणि खरंच सांगते, भीती गेली नाही, पण तिचा भार माझ्या एकटीवर राहिला नाही. खूप वेळानं एक उंच, थकलेले सर्जन बाहेर आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि एकच शब्द म्हणाले, ‘खेलुक्त.’ जमलं.

मी आईंना फोन केला. ओळखीच्या एक बाई त्यांच्या सोबतीला बसल्या होत्या. सई बरी आहे हे ऐकून त्या रडल्या आणि मग विचारलंच, “विसर्जन झालं होतं ना?” खोटं बोलावंसं वाटलं, पण जीभ वळली नाही. “नाही आई. महाराज इथेच होते, माझ्या मांडीवर.” त्यांनी फोन सोबतीच्या बाईंच्या हातात दिला.

सई घरी आली, भाताचे घास मागून खायला लागली, पण आई सावरल्या नाहीत. त्या देवघरापुढे बसायच्या, जप करायच्या, पण देवांना हात लावायच्या नाहीत. पूजा माझ्याकडे आली. एकदा मी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “तुमच्या पुण्याईनं पोर वाचली. माझा हात फुटका आहे, तो आता लावायला नको.” सईलाही उचलून घ्यायला त्या कचरायला लागल्या. मला तेव्हा कळलं की ऑपरेशन झालं ते एका छातीचं. दुसरी छाती अजून उघडीच होती.

मी त्यांना घेऊन उट्रेख्तला गेले. हेनींचे आभार मानायला, असं सांगून. आईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि त्या शिल्पापुढे उभ्या राहिल्या. आजी, आई आणि बाळ असं मी दाखवून दिलं तेव्हा म्हणाल्या, “देवाची आजी पण असते होय यांच्यात,” आणि बराच वेळ त्या बिनचेहऱ्याच्या आजीकडेच बघत होत्या. मग मला म्हणाल्या, “विचार यांना. ज्यांनी हे फोडलं, त्यांचं पुढे काय झालं? त्यांच्या मुलाबाळांना भोगावं लागलं असेल.” हा प्रश्न त्या कुणाबद्दल विचारत होत्या ते मला माहीत होतं. मी तो हेनींना सांगितला आणि मला उत्तराची धास्ती वाटली.

हेनींना प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. “त्यांचं? त्यांना मुलं झाली, नातवंडं झाली. आम्ही त्यांचेच. माझे वडील पक्के त्या पंथाचे. मी जुन्या पंथातल्या मुलाशी लग्न केलं तर ते लग्नाला आले नाहीत. आणि माझा पहिला मुलगा आजारी पडला तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच दारात उभे होते. आता हे शिल्प आमच्याच लोकांच्या ताब्यात आहे. धूळ मीही झटकते कधीकधी.”

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. आई हेनींकडे बघत होत्या, त्यांच्या बोटांकडे, पांढऱ्या केसांकडे. मग स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, “हिच्या वाडवडिलांनी ठरवून, हातोडे घालून देव फोडले. आणि माझ्या नातीपाशी तिच्या आईला पोचवायला देवानं हिलाच पाठवलं.” त्यांनी हेनींचे दोन्ही हात धरले. बोलायला सामायिक भाषा नव्हती. हेनींना असं हात धरून ठेवायची सवय नसावी, त्या जरा अवघडल्या, पण त्यांनी हात काढून घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज येत होता. आई ताम्हनात देवांना आंघोळ घालत होत्या, आणि ओट्याशेजारी स्टुलावर उभी राहून सई त्यांना पळीनं पाणी देत होती, अर्धं ओट्यावर सांडत. मी आत गेले नाही. दाराआड उभी राहून पोटभर रडून घेतलं.

परत जाण्याआधी आईंनी विसर्जनाचं काढलंच. मला वाटलं होतं, आता मूर्ती ठेवू म्हणतील. “ते कसं? खंडित ते खंडित,” त्या म्हणाल्या. “पण तेव्हा त्यांना घालवायला निघालो होतो. आता निरोप द्यायला जाऊ.” आम्ही चौघं वाखनिंगनला गेलो. हेनीही आल्या, न विचारता गरम सूपचा थर्मास घेऊन. थंडीतलं पातळ ऊन होतं, नदी भरून वाहत होती. आईंनी मूर्ती दोन्ही हातांत घेतली, मधल्या मुखावरून एकदा अंगठा फिरवला आणि वाकून ती पाण्यात सोडली. काठ निसरडा होता. मी पुढे झाले नाही.

आता या गोष्टीकडे वळून पाहते तेव्हा कृतज्ञतेपलीकडे मनात काही राहत नाही. त्या वादळाबद्दल, वाऱ्याला भिऊन सायकल घरी ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईबद्दल, मला न कळणाऱ्या भांडणात तासल्या गेलेल्या त्या चेहऱ्यांबद्दलसुद्धा. शरण जाणं म्हणजे सगळं यथासांग करून मग हात जोडणं, असं मी समजत होते. माझं तर त्या दिवशी काहीच यथासांग झालं नाही. मी देवाला नदीवर पोचवायला निघाले होते. त्यानं वाटेतच मला उतरवलं आणि माझ्या लेकीपाशी पोचवलं.